वायरमनची घंटा

माझं आणि यशया भिंगारदिवे याचं तीस वर्षं कधी पटलं नाही. तो गावचा वायरमन आणि मी गिरणीवाला, म्हणजे पटायचं काही कारणही नव्हतं. लाईट गेली की लोकांचे पंखे बंद पडतात, माझी चूल बंद पडते. मग मी पायात चप्पल सरकवून त्याच्या दारात जायचो. तो ओट्यावर चहा पीत बसलेला असायचा. मी म्हणायचो, "वायरमन, डीपीचा फ्यूज उडालाय." तो बशीतून मान वर न काढता म्हणायचा, "व्हा पुढं, आलोच." हे 'आलोच' कधी अर्ध्या तासाचं असायचं, कधी दुसऱ्या दिवसाचं. 

खरं सांगायचं तर त्याच्याकडं सात गावं होती आणि माणूस तो एकटा. पण हे मला आता कळतं. तेव्हा दळणाचे डबे दारात रांगेनं पडलेले असायचे आणि बायका माझ्या नावानं बोटं मोडायच्या, तेव्हा सात गावांचा हिशोब कोण करतो? 

आमचं गाव कर्जत आणि जामखेडच्या मधे, कोरड्या भागात. एका बाजूला आम्ही शेतकरी, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती वस्ती, मधे ओढा; माझी गिरणी मात्र वस्तीच्या बाजूला. वस्तीतली माणसं चार-पाच पिढ्यांपासून इथलीच. शेती करतात, कुणी शाळेत शिक्षक आहेत, कुणी नगरला एमआयडीसीत कामाला जातात. चर्च दगडी आहे, लहान, आणि त्याच्या मनोऱ्यात एक पितळी घंटा आहे. तिचा आवाज ओढा ओलांडून आमच्या शेवटच्या शेतापर्यंत जातो. ती घंटा यशया वाजवायचा, त्याच्या आधी त्याचा बाप वाजवायचा. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला वेगळी, मयताला वेगळी. ऐकून ऐकून आम्हालाही पाठ झालेलं. कुणाचं मयत आहे हे आमच्या बायकांना वस्तीतल्या बायकांच्या आधी कळायचं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी यशया पोलवरून पडला. उजवा गुडघा गेला तो गेलाच. वर्षभरानं रिटायर झाला आणि त्याच उन्हाळ्यात गारपीट झाली. मार्च महिना होता, कांदा काढून शेतात पडलेला. अर्ध्या तासात गावाचा कांदा चिखलात गेला. त्यानंतर यशयानं एक गोष्ट सुरू केली, आणि ती मात्र कुणालाही सुचली नसती.

हवामान खात्याचे मेसेज तेव्हा सगळ्यांच्याच मोबाईलवर यायला लागले होते. 'नगर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी पाऊस.' आम्ही पारावर हसायचो. माझा थोरला भाऊ बन्सी म्हणायचा, "तुरळक म्हंजी दुसऱ्याच्या रानात." जिल्हा केवढा, मेसेज केवढा. तिकडं अकोले तालुक्यात पडला तरी नगर जिल्हा आणि जामखेडला पडला तरी नगर जिल्हा. यशया मात्र हसायचा नाही. मेसेज आला की तो मोबाईल घेऊन ओट्यावर बसायचा आणि पूर्वेकडच्या सबस्टेशनच्या ऑपरेटरांना एकेक फोन लावायचा. सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. वारं सुटलं की ऑपरेटर आपापला फीडर, म्हणजे गावांकडं जाणारी लाईन, बंद करतो, म्हणजे तारा तुटून कुणी मरू नये. वादळ जसं पुढं सरकतं तशी एकेका गावाची लाईट जाते. यशया तेवढंच विचारायचा, "तुमचा फीडर कवा पाडला?" कोणत्या गावाची लाईट किती वाजता गेली यावरून वादळ कुठून कुठं चाललंय आणि आमच्याकडं कधी पोचेल हे तो सांगायचा. दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडायचा, जास्त नाही. 

आणि मग घंटा. तेव्हाच्या फादरांना विचारून त्यानं ठोके ठरवले होते. दोन ठोके, थांबायचं, परत दोन ठोके. दोन-दोनची घंटा ऐकली की सगळं गाव शेताकडं पळायचं. कांद्याच्या ढिगावर प्लास्टिकचा कागद टाकायचा, कडेला दगड ठेवायचे, जनावरं गोठ्यात घ्यायची. सगळं आवरून माणूस घरी येऊन चहा पिऊन होईपर्यंत वादळ यायचं. घंटा झाल्यावर तास-दीड तास मिळतोच हे गावानं धरूनच ठेवलं होतं. आमचे पाहुणे यायचे त्यांना आम्ही कौतुकानं सांगायचो की आमच्याकडं वादळ आधी कळवून येतं. मीसुद्धा सांगायचो. माणूस आवडत नसला तरी घंटा आवडायची.

यात एक चूक होती. पाच-सहा वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नाही, यशयाच्याही नाही.

आता माळाचं सांगतो. वस्तीच्या मागं उघडाबोडका माळ आहे, वर औषधाला झाड नाही. माथ्यावर लोखंडी क्रूस आहे, दोन पुरुष उंच. तो यशयानंच तरुणपणी उभा केलेला. वादळात वाकलेला जुना पोल साहेबाला विचारून आणला, कापला, वेल्डिंग केला आणि दगडी चौथऱ्यात बसवला. त्यानं तेव्हाच फादरांना विचारलं होतं, "याला अर्थिंग करू का?" फादर हसले होते, आणि वस्तीत कुणीतरी म्हणालं, "देवाला कसलं अर्थिंग लावतोस रं?" झालं, ते राहिलं. गावातल्या सगळ्या डीप्यांना अर्थिंग करणारा माणूस, पण स्वतः उभा केलेल्या क्रूसाला करू शकला नाही. वीज चमकली की तो माळाकडं बघायचा, हे मी पाहिलेलं आहे.

दरवर्षी गुड फ्रायडेला दुपारी वस्तीतली सगळी माणसं त्या माळावर चढतात. त्याला क्रूसाची वाट म्हणतात. चौदा ठिकाणी थांबून प्रार्थना करायची, गाणी म्हणायची. तीन वाजता, म्हणजे त्यांच्या प्रभूनं प्राण सोडला त्या वेळेला, माथ्यावर पोचायचं. मग एकेकानं गुडघे टेकून क्रूसाच्या पायाचं चुंबन घ्यायचं. दिवसभर उपास. मोबाईल घरी ठेवून जायचं, हाही नेम. आणि आणखी एक नेम आहे, तो सगळ्यात मोठा. गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा वाजवायची नाही. प्रभू मेलेला असताना घंटा कशी वाजेल? मिस्सेत लागेल तिथं लाकडी फळी ठोकतात. गुरुवारी घंटेचा दोर वर गुंडाळून आडव्या तुळईला बांधून टाकायचं काम यशयाचंच. बापाच्या हातून त्याच्याकडं आलेलं. तो फार कसून गाठ मारायचा.

चार वर्षांपूर्वीचा गुड फ्रायडे. एप्रिल महिना, ऊन मरणाचं. सकाळीच मेसेज आला, या वेळी नारिंगी इशारा. वीज, वादळी वारं, गारा, ओढ्या-नाल्यांना अचानक पाणी, झाडाखाली थांबू नका, उघड्यावर जाऊ नका. यशया लंगडत फादरांकडं गेला. फादर रॉबिन तेव्हा नवीन होते, वसईकडचे, माणूस चांगला. यशया म्हणाला, "फादर, आज क्रूसाची वाट चर्चमधीच घ्या. न्हाईतर सकाळीच उरकू." 

फादर म्हणाले, "आभाळात ढग तरी आहे का?"

"ढग दुपारून येत्यात."

"लोक चाळीस दिवस उपास धरून या दिवसाची वाट बघतात, यशया. तीनची वेळ मी कशी बदलू? आणि या महिन्यात हा कितवा इशारा?"

चौथा होता. आधीचे तीन कोरडे गेले होते. यशया लंगडत माघारी आला. त्याची बायको रेबेका गाण्यात पुढं असते, ती दीड वाजता सगळ्यांबरोबर माळाकडं निघाली. साठेक माणसं होती, त्यात म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. यशया गुडघ्यामुळं खालीच राहिला. 

त्या दिवशी आमच्याकडं सकाळपासून लाईट नव्हती. ती साडेबाराला आली. गिरणीत दळणाचा डोंगर. मी घामानं आणि पिठानं भरलेलो, डोकं तापलेलं. दोनला पाच-दहा मिनिटं कमी असताना यशया दारात आला. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून तो माझ्या कानाशी येऊन ओरडला.

"गहिनीभाऊ, गाडी काढा. माळावर जा, फादरला म्हणावं आत्ताच्या आत्ता खाली उतरा. ज्ञानेश्वरचा फोन आला हुता सबस्टेशनवरून. फीडर पाडलाय त्यानं, गारा पडायला लागल्यात. पुढचा ऑपरेटर फोनच उचलंना. तासाच्या आत आपल्याकडं येतंय. ती मानसं तवा क्रूसाला हात लावून उभी असतील."

माझी मोटरसायकल दारातच उभी होती. माळाच्या पायथ्यापर्यंत पाच मिनिटं, पुढं चढ दहा मिनिटांचा. 

मी त्याच्याकडं बघितलं आणि मला तीस वर्षं आठवली. त्याचा तो ओटा, ती बशी, माझं ते दारात ताटकळणं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "व्हा पुढं, आलोच."

त्याला ते कळलं. तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. मग म्हणाला, "गहिनीभाऊ, थट्टा नगं आज."

"थट्टा कसली? चार डबे राहिलेत, तेवढे उतरवतो आन् निघतो. लख्ख ऊन पडलंय बाहेर, लगेच काय आभाळ कोसळत न्हाई."

तो गेला. गिरणीच्या दारातून चर्चचं फाटक दिसतं, आणि माळाकडं जाणारा रस्ता त्याच फाटकावरून जातो. यशया फाटकाच्या पायरीवर बसला आणि गिरणीकडं बघत राहिला. मी गाडी काढून समोरून जाईन म्हणून वाट बघत होता. मला तो दिसत होता. एक डबा उतरला, दुसरा टाकला. तो बसलेलाच. दुसरा उतरला, तिसरा टाकला. मला वाटलं, बसू दे. कळू दे त्यालाही. मुद्दाम केलं मी. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर कामाचं कारण सांगितलं असतं, पण इथं खोटं बोलून काय उपयोग.

तिसरा डबा उतरवताना मी वर बघितलं तर पायरी रिकामी होती. चौथा टाकला आणि लाईट गेली. पट्टा सावकाश थांबला, जातं थांबलं. गिरणी बंद पडली की गावात केवढी शांतता असते हे गिरणीवाल्यालाच माहीत. त्या शांततेत पूर्वेकडून गडगड ऐकू आली, आणि तिच्या मागोमाग घंटा. 

दोन ठोके. दोन ठोके. 

गुड फ्रायडेला. मी हिंदू माणूस, पण माझ्याही अंगावर काटा आला.

नंतर कळलं की गाठ सुटेना म्हणून त्यानं दोर विळ्यानं कापला होता. त्या गुडघ्यानं मनोऱ्याच्या शिडीवर चढून.

मी गाडी काढली. पायथ्याला पोचलो तर माणसं वरून उतरतच होती, आणि भीतीनं नव्हे, रागानं. पुरुष पुढं, मुठी आवळून. वादळाचा कुणाच्या मनात विचारही नव्हता. दोन-दोनचे ठोके ओळखू आले होते, पण त्या दिवशी घंटा वाजणं हेच इतकं भयंकर होतं की कशासाठी वाजली हे कुणी मनात आणलंच नाही. सॅमसन नावाचा एक जण ओरडला, "कुनी इटाळली घंटा? कोन हाय त्यो?" फादर मागून चालत येत होते, चेहरा पांढरा. अर्धी प्रार्थना टाकून उतरायला लागलं होतं त्यांना. रेबेकाला कोण ते माहीत होतं. ती कुणाशी बोलत नव्हती, पदर तोंडात धरून उतरत होती.

खाली पोचता पोचता धुळीचा लोट आला आणि गारा सुरू झाल्या. सगळे पळत चर्चमध्ये शिरले. यशया दोर हातात धरून आत उभा होता. सॅमसन त्याच्या अंगावर धावून गेला तेवढ्यात अशी वीज कडाडली की काचा हलल्या. सगळे जागच्या जागी थांबले. रेबेका त्याच्याजवळ गेली आणि रडत म्हणाली, "आजच्या दिवशी का वो?" तो म्हणाला, "सगळी आली का खाली?" तिनं मान हलवली. तो तिथंच बाकावर बसला. 

साठ माणसं वाचली असं मी म्हणतो. पण वीज क्रूसावर पडली नाही. ती ओढ्याच्या पलीकडं पडली, बन्सीदादाच्या रानात.

दादा जेवून घरी आडवा झाला होता. रान घरापासून हाकेवर. दोन एकरांचा कांदा काढून ढीग घातलेले, उघडे. घंटा ऐकून तो उठला आणि कागद काखेत मारला. आक्कावहिनी त्याला म्हणाली होती, "थांबा की, गडगडतंय." त्यावर तो म्हणाला, "वायरमननं घंटा दिली म्हंजी अजून तास हाय."

हे त्याचं शेवटचं बोलणं. घंटेनंतर तास मिळतो, हे आम्ही सगळ्यांनी त्याच्या मनावर कोरलं होतं. आणि घंटा झाली की शेताकडं पळायचं, हेही. हीच ती चूक. विजेच्या वेळी घरात बसायचं असतं, आणि आमची घंटा माणसाला उघड्या रानात धाडत होती. एरवी तास असायचा म्हणून निभावलं. त्या दिवशी पंधरा मिनिटंही नव्हती. दोर कापायला वेळ गेला, आणि त्याच्या आधी पायरीवर बसण्यात गेला. 

आक्कावहिनीनं दारातून पाहिलं. दादा पहिल्या ढिगावर कागद पसरत होता. एक टोक दगडाखाली गेलं होतं.

ओढ्याला असं पाणी आलं की दीड तास इकडचं माणूस तिकडं जाईना. मी काठावर उभा होतो. पलीकडं वहिनी दिसत होती आणि तिच्या मांडीवर दादाचं डोकं. डॉक्टर नंतर म्हणाले की जागीच गेला होता, पाणी नसतं तरी काही झालं नसतं. पण दीड तास मी त्या काठावर उभा होतो, आणि तो दीड तास मला रोज आठवतो.

ईस्टर झाल्यावर चर्चची कमिटी बसली. आमच्याकडचीही चार माणसं बोलावली होती, मयताचा भाऊ म्हणून मलाही. मी मागच्या बाकावर बसलो. फादर रॉबिन सुरुवातीलाच म्हणाले, "सकाळी यशयानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. हा दोष आधी माझा." असं बोलायलाही काळीज लागतं. पण कमिटीतली माणसं ऐकेनात. सॅमसन म्हणाला, "क्रूसाला धक्का न्हाई लागला. प्रभूनं राखलं असतं आमाला तितंच. यानं घंटाबी इटाळली आन् तिकडं मानूसबी घालवला."

मग एकानं विचारलं, "घंटेला हात लावायच्या आधी कुनाला निरोप घेऊन का न्हाई धाडलं? गावात गाड्या कमी हायेत का?"

यशया उभाच होता. त्यानं बोट केलं असतं तर पुरे होतं, मी मागच्या बाकावर त्याच्या नजरेसमोरच होतो. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कुनी न्हवतं," तो म्हणाला. "समदी माळावर हुती."

मी तोंड उघडलं नाही. बोलायचं होतं, खोटं नाही सांगत, जीभ उचलतच नव्हती. त्या दिवशी दुपारी मात्र कशी झटकन उचलली होती. 

यशयानं तिथंच चर्चची किल्ली टेबलावर ठेवली. कुणी काढून घेतली नाही, पण कुणी उचलून परतही दिली नाही. तेव्हापासून घंटा दुसरा माणूस वाजवतो.

त्या उन्हाळ्यात तो रोज सकाळी माळ चढायचा. एका पायावर भार देत, हातात पहार. क्रूसाच्या बाजूला खड्डा घेत होता. मुरूम आहे तिथं, दिवसाला वीतभरही उतरत नाही. दीड महिन्यानं खड्डा झाला. मग त्यात कोळसा आणि मीठ भरून, पट्टी सोडून त्यानं अर्थिंग केलं. गावात लोक म्हणाले, बैल गेला आणि झोपा केला. मीही हसलो त्यांच्यात. क्रूसाची वाट तोपर्यंत चर्चच्या आत घ्यायची ठरलेलीच होती, म्हणजे ते अर्थिंग कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. 

आक्कावहिनीनं त्याचं नाव टाकलं. रस्त्यात दिसला तर ती बांधाबांधानं जायची. नाताळात रेबेकानं करंज्या धाडल्या त्या तिनं डब्यासकट परत पाठवल्या. ती म्हणायची, "त्या घंटेनं माजा मानूस नेला." मी समोर बसलेलो असायचो आणि मान हलवायचो.

आणि यशया दर शनिवारी माझ्याच गिरणीत दळण आणायचा. दुसरी गिरणी चार किलोमीटरवर आहे, पण तो आमच्याकडंच यायचा. डबा ठेवायचा, गिरणीच्या पायरीवर बसायचा, दळण झालं की उचलायचा. चार वर्षांत त्यानं त्या दिवसाचा एक शब्द काढला नाही. कधी टोमणा नाही, कधी रोखून बघणं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. तो फक्त म्हणायचा, "बारीक दळा, गहिनीभाऊ." 

यंदाच्या मार्चमध्ये पुन्हा इशारा आला. आता ग्रामपंचायतीनं भोंगा बसवलाय, मेसेज आला की तो वाजतो. शनिवारच होता, यशया पायरीवर होता. भोंगा वाजला तसा तो उठला आणि डबा तिथंच टाकून लंगडत ओढ्याकडं निघाला. एवढ्या घाईनं कुठं म्हणून मी मागं गेलो. ओढा उतरून तो थेट आक्कावहिनीच्या रानाच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. वहिनी कागद घेऊन बाहेर पडत होती. पूर्वेकडं आभाळ काळं झालं होतं. 

तो म्हणाला, "वैनी, घरात जा. कांदा भिजू द्या."

वहिनी थांबली. मग आजूबाजूच्या रानातल्या माणसांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माजा मानूस नेलास. आता मला न्यायला आलास व्हय रं?"

यशयानं मान खाली घातली. पण वाटेतून हलला नाही. वहिनीनं कागद त्याच्या पायाशी फेकला आणि घरात गेली. मग तो माघारी फिरला, माझ्या शेजारून गेला, आणि मी तिथं होतो हे बघूनही काही बोलला नाही. पाऊस थोडाच झाला. वीज झाली ती लांब, कर्जतच्या बाजूला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीकडं गेलो. ती अंगणात कांद्याची पात कापत होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. यशया आला होता, गाडी काढा म्हणाला होता, मी काय म्हणालो, आणि तो पायरीवर कसा बसून राहिला. कमिटीत 'कुनी न्हवतं' म्हणाला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो, तेही सांगितलं.

वहिनीचा विळा थांबला होता. मग म्हणाली, "किती डबं हुतं म्हनालात?"

"चार."

तिनं मान हलवली आणि पुन्हा पात कापायला घेतली. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.

त्याला आता दोन महिने झाले. वहिनी दळण चार किलोमीटरवरच्या गिरणीतून आणते, डोक्यावरून. यशया शनिवारी येतो तसाच येतो. परवा रेबेका सांगत होती की यंदाच्या कांद्याची पहिली पाटी आक्कावहिनी स्वतः त्यांच्या दारात ठेवून गेली. दरवर्षी ती पाटी आमच्याकडं यायची. यंदा आम्ही कांदा बाजारातून आणतो.